सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकताय? संदेश कुठे संपतो, ते आधी ठरवा

“माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही नीट चालतात, मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून मात्र जोडलंच जात नाही.” “दोन मेसेज पाठवले, पलीकडे एकच लांबलचक मेसेज आला.” “सुरुवात सीपासून करू की पायथनपासून?” सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेले विद्यार्थी आणि नोकरीत नव्याने हे काम अंगावर आलेले लोक फिरून फिरून हेच तीन प्रश्न विचारतात. तिसऱ्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. पहिल्याला क्रमाने तपासणी करावी लागते. दुसऱ्या प्रश्नात मात्र या विषयाचा गाभा आहे, आणि कॉलेजच्या प्रात्यक्षिकांत नेमका तोच निसटतो. ‘हॅलो’सारखा छोटा मेसेज एकाच यंत्राच्या आत बहुतेक वेळा अखंड पोचतो आणि प्रोग्रॅम बरोबर असल्याचा भास होतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

सुरुवातीला एवढं पुरे

ओएसआय मॉडेलचे सात थर पाठ होईपर्यंत कोडला हात लावायचा नाही, असा नेम करू नका. पहिल्या प्रोग्रॅमसाठी चार गोष्टी माहीत असल्या की भागतं.

- आयपी पत्ता: कोणत्या यंत्राशी बोलायचं ते यावरून ठरतं. १२७.०.०.१ म्हणजे कायम ‘हेच यंत्र’.
- पोर्ट: त्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रॅमशी बोलायचं ते. आकडा ० ते ६५५३५ मधला असतो. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला सहसा मिळत नाहीत, म्हणून सरावाला ५००० ते ३०००० मधला एखादा घ्या.
- टीसीपी: पाठवलेले बाइट क्रमाने पोचतात, वाटेत हरवले तर पुन्हा पाठवले जातात. शिकायला सुरुवात इथूनच करा.
- यूडीपी: प्रत्येक पॅकेट सुटं जातं. ते हरवू शकतं, मागचं पुढेही येऊ शकतं.

आज आपण वापरतो ती सॉकेटची फंक्शनं १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून आली. नावं आणि क्रम आजही जवळपास तेच आहेत. त्यामुळे हाताशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक असलं तरी ते बाद झालेलं नाही. फक्त नावावरून पत्ता शोधायला त्यात ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ वापरलेलं दिसलं, तर त्याजागी ‘गेट-ॲड्रेस-इन्फो’ घ्या. त्यात आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ दोन्ही पत्ते मिळतात.

भाषा कोणती निवडावी?

पहिले काही आठवडे पायथन. त्यातली सॉकेटची फंक्शनं सीमधल्या फंक्शनांवरच बेतलेली आहेत, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही आणि मेमरी सांभाळण्याचा ताप डोक्यावर राहत नाही. अभ्यासक्रमात जावा असेल तर ‘सॉकेट’ आणि ‘सर्व्हर-सॉकेट’ हे क्लास घेऊन तिथेच सुरुवात करा, पण एकदा तरी तोच प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहून पाहा. जावाचा ‘सर्व्हर-सॉकेट’ दोन-तीन पायऱ्या स्वतःच उरकतो, त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

सी दुसऱ्या फेरीत घ्या, आणि शक्यतो लिनक्सवर किंवा विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर. थेट विंडोजवर सी लिहिलंत तर विनसॉक वापरावं लागतं. ते आधी सुरू करण्यासाठी वेगळं फंक्शन आहे आणि सॉकेट बंद करायलाही वेगळं. लिनक्ससाठीचं उदाहरण जसंच्या तसं उतरवून ‘चालत का नाही’ म्हणून दोन दोन दिवस अडणारे बहुतेक जण इथेच अडलेले असतात.

सीमध्ये आणखी एक खड्डा आहे. नेटवर्कवर आकड्याचा मोठा बाइट आधी जातो, आणि आपल्या लॅपटॉपमधला प्रोसेसर छोटा बाइट आधी ठेवतो. त्यासाठी ‘एच-टू-एन-एस’ हे फंक्शन असतं. ते विसरून पोर्ट ८०८० दिलात तर कसलीही चूक न दाखवता सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसतो. सर्व्हर चालू आहे, क्लायंट मात्र ‘नकार’ दाखवतोय, असं झालं तर लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ कमांड चालवून सर्व्हर खरोखर कोणत्या पोर्टवर आहे ते पाहा.

पहिला सर्व्हर: क्रमाने

नवशिका सर्व्हर आणि क्लायंट एकाच बैठकीत लिहितो. मग बिघडलं की दोघांपैकी चुकलं कोण, ते कळत नाही. तसं करू नका. एका बाजूला कायम असा प्रोग्रॅम ठेवा ज्याच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. नेटकॅट त्यासाठीच आहे. दोन टर्मिनल उघडा, एकात नेटकॅटला पोर्टवर ऐकत बसवा, दुसऱ्यातून त्याच पोर्टला जोडा आणि टाइप करा. इकडचं तिकडे दिसलं की तुमचं यंत्र तयार आहे. मग फक्त सर्व्हर लिहा आणि त्याला नेटकॅटने जोडून तपासा. तो चालला की क्लायंट लिहा.

सर्व्हरच्या पायऱ्या अशा:

१. ‘सॉकेट’ने सॉकेट तयार करा.
२. ‘बाइंड’ने त्याला पत्ता आणि पोर्ट द्या.
३. ‘लिसन’ने त्याला ऐकायला बसवा.
४. ‘ॲक्सेप्ट’ बोलवा. क्लायंट येईपर्यंत प्रोग्रॅम इथेच थांबतो. तो अडकलेला नसतो, वाट पाहत असतो.
५. ‘ॲक्सेप्ट’ जे परत देतं ते नवं सॉकेट असतं. बोलणं याच्यावर करायचं. जुनं सॉकेट पुढच्या क्लायंटसाठी तसंच ठेवायचं.
६. ‘रिसीव्ह’ने घ्या, ‘सेंड’ने द्या, काम झालं की ‘क्लोज’ करा.

क्लायंटला ‘सॉकेट’ आणि ‘कनेक्ट’ एवढंच पुरतं. पाचव्या पायरीवर बरेच जण घसरतात आणि ऐकणाऱ्या सॉकेटवरच ‘रिसीव्ह’ करतात. दोन सॉकेटना दोन स्पष्ट नावं द्या, ही चूक पुन्हा होणार नाही. पायथनमध्ये ‘सेंड’ऐवजी ‘सेंड-ऑल’ वापरा. ‘सेंड’ दिलेल्यापैकी काहीच बाइट घेऊन परतू शकतं, उरलेले पाठवायची जबाबदारी मग तुमची.

संदेश कुठे संपतो?

टीसीपीला ‘मेसेज’ ही गोष्टच ठाऊक नाही. त्याच्या लेखी एकामागून एक येणाऱ्या बाइटची एक सलग धार असते. तुम्ही ‘सेंड’ दोनदा केलंत म्हणून पलीकडे ‘रिसीव्ह’ दोनदाच होईल असं नाही. दोन्ही मेसेज एका दमात येऊ शकतात. एकच मेसेज तीन तुकड्यांत येऊ शकतो. दीड मेसेज आत्ता आणि अर्धा नंतर, असंही होतं. टीसीपी हमी देतं ती क्रमाची. तुकडे कुठे पडावेत, यावर तुमचा अधिकार नाही.

‘रिसीव्ह’ला आपण ४०९६ देतो त्याचा अर्थ ‘जास्तीत जास्त ४०९६ बाइट दे’ एवढाच आहे. आत्ता हाताशी असतील तेवढे ते देतं, मग तो एक बाइट का असेना. आणि शून्य बाइट आले तर पलीकडच्याने पाठवणं संपवलं आहे. ही खूण ओळखली नाहीत तर तुमचं लूप रिकामे बाइट घेत गरागरा फिरत राहतं आणि पंखा वाजायला लागतो.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांना हे लवकर भोवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नमस्ते’ या शब्दात न, म, स, हलन्त, त आणि मात्रा अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. आता एक प्रयोग करा. सर्व्हरमध्ये ‘रिसीव्ह’ला ४०९६ च्या जागी ५ द्या आणि ‘नमस्ते’ पाठवा. पहिल्या घासात ‘न’ अख्खा आणि ‘म’चे दोनच बाइट येतील. तुम्ही ते लगेच अक्षरांत बदलायला गेलात की पायथन डीकोडची चूक दाखवून थांबेल. हाच प्रोग्रॅम इंग्रजी ‘हॅलो’वर वर्षभर बिनतक्रार चालला असता.

हा प्रयोग कायमचा हाताशी ठेवा. ‘रिसीव्ह’ला १ किंवा ५ दिल्यावर जो प्रोग्रॅम मोडतो, तो ४०९६ वरही चुकीचाच आहे, फक्त अजून मोडलेला नाही. दूरच्या नेटवर्कवर किंवा मोठ्या फाइलवर तो मोडणार.

मग मेसेज संपला हे ओळखायचं कसं? दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला रस्ता: शेवटची खूण. प्रत्येक मेसेजच्या शेवटी नवी ओळ पाठवायची. घेणाऱ्याने आलेले बाइट एका बफरमध्ये जमवत जायचे. त्यात नव्या ओळीचा बाइट, म्हणजे १०, सापडला की तिथपर्यंतचा भाग एक मेसेज म्हणून काढून घ्यायचा आणि उरलेलं बफरमध्येच ठेवायचं. उरलेलं टाकून देऊ नका, तो पुढच्या मेसेजचा आरंभ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराच्या पोटात १० हा बाइट कधीच येत नाही, त्यामुळे मराठी मजकुराला ही पद्धत सुरक्षित आहे. चॅटसारख्या ओळी-ओळींच्या कामाला हीच घ्या. चित्र किंवा फाइल पाठवायची असेल तर ही चालणार नाही, कारण तिथे १० कुठेही येऊ शकतो.

दुसरा रस्ता: आधी लांबी. मेसेजच्या आधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी पाठवायची. घेणाऱ्याने आधी बरोबर ४ बाइट जमवायचे, मग बरोबर तेवढे. ‘बरोबर इतके बाइट आण’ असं एक छोटं फंक्शन लिहून टाका: हवे तेवढे जमेपर्यंत ‘रिसीव्ह’ करत राहायचं, मध्येच शून्य आले तर जोडणी तुटली असं कळवायचं. सात-आठ ओळींचं हे फंक्शन पुढे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये उपयोगी पडतं. पायथनमध्ये आकड्याचे ४ बाइट करायला ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूल आहे. त्यात नेटवर्कचा बाइट-क्रम मागायला उद्गारचिन्ह लावतात, ते विसरू नका.

या दुसऱ्या रस्त्यावर मराठीत हमखास होणारी चूक पाहा. लांबी अक्षरांची मोजली जाते, पाठवले जातात बाइट. ‘नमस्ते’ची लांबी पायथन ६ सांगतो. तुम्ही ६ लिहून १८ बाइट पाठवता. सर्व्हर ६ बाइट घेऊन ‘नम’ दाखवतो आणि पुढच्या ४ बाइटना नव्या मेसेजची लांबी समजतो. ते असतात ‘स’चे तीन आणि हलन्ताचा पहिला. त्यांचा आकडा होतो ३७६ कोटींच्या वर. सर्व्हर तेवढ्या बाइटची वाट पाहत बसतो आणि तुम्हाला वाटतं तो गोठला. उपाय साधा आहे: आधी मजकूर बाइटमध्ये बदला, मग लांबी मोजा. शिवाय घेणाऱ्या बाजूला लांबीची कमाल मर्यादा घाला, सरावाला १० लाख बाइट ठीक. त्याहून मोठा आकडा आला तर जोडणी बंद करा. ही मर्यादा नसेल तर कुणीही चार बाइट पाठवून तुमच्या सर्व्हरला भलत्या प्रमाणात मेमरी राखायला लावू शकतो.

चुकांचे निरोप काय सांगतात?

लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करून पुन्हा चालवायची सवय लागलेली असते. सॉकेटच्या बाबतीत हे निरोप फार नेमके असतात, ते वाचा.

- कनेक्शन रिफ्यूज्ड (लिनक्सवर १११, विंडोजवर १००६१): त्या यंत्रापर्यंत तुम्ही बहुधा पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हर चालू नाही किंवा पोर्ट चुकला.
- कनेक्शन टाइम्ड आउट (११०, १००६०): उत्तरच आलं नाही. पत्ता चुकला, किंवा वाटेत फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिली. हा निरोप आल्यावर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, नेटवर्क तपासा.
- ॲड्रेस ऑलरेडी इन यूज (९८, १००४८): जुना सर्व्हर अजून चालू आहे, किंवा लिनक्सवर आधीच्या जोडण्या टाइम-वेट अवस्थेत आहेत. ही अवस्था मिनिटभर राहते. ‘बाइंड’च्या आधी रीयूज-ॲड्रेस हा पर्याय लावा. विंडोजवर मात्र तो लावू नका, तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे आणि दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर बसू शकतात.
- कनेक्शन रीसेट: समोरच्याने जोडणी अचानक तोडली. बहुधा तो प्रोग्रॅम कोसळला, त्याची खिडकी पाहा.

माझ्याकडे चालतं, तिच्याकडे नाही

तपासणी याच क्रमाने करा, मधली पायरी वगळू नका.

१. सर्व्हर १२७.०.०.१ वर बाइंड केला असेल तर बाहेरच्या कुणालाच तो दिसणार नाही. सरावापुरता ०.०.०.० द्या, म्हणजे यंत्राच्या सगळ्या नेटवर्कवर तो ऐकेल.
२. क्लायंटमध्ये सर्व्हरच्या यंत्राचा स्थानिक पत्ता द्या. घरच्या वायफायवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो.
३. विंडोजची फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारते, तेव्हा आपण घाईत ‘कॅन्सल’ करतो. सेटिंगमध्ये जाऊन पायथनला खासगी नेटवर्कवर परवानगी द्या. फायरवॉलच बंद करून टाकू नका.
४. कॉलेज, वसतिगृह किंवा कॅफेच्या वायफायवर दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलणं अनेकदा मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. इंटरनेट छान चालतं, शेजारचा लॅपटॉप मात्र सापडत नाही. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही लॅपटॉप त्यावर घ्या आणि पुन्हा पाहा.

दुसऱ्या गावातल्या मित्राला तुमच्या घरच्या सर्व्हरशी जोडायचं असेल तर प्रश्न वेगळा आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो. मोबाइल इंटरनेटवर आणि आता बऱ्याच ब्रॉडबँडवरही एकच सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे तेही जमत नाही. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही अशाच कनेक्शनवर आहात. त्याच्याशी झगडण्यापेक्षा सार्वजनिक पत्ता असलेला छोटा क्लाउड सर्व्हर थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेणं बरं.

एकाहून जास्त क्लायंट

इथे घाई नको. संदेशाची हद्द नीट सांभाळणारा एका क्लायंटचा सर्व्हर झाल्यावरच इकडे वळा. आधी प्रत्येक क्लायंटला एक थ्रेड द्या. वीस-पंचवीस जणांच्या चॅटला ते भरपूर झालं. मग ‘सिलेक्ट’ने एकाच थ्रेडमध्ये अनेक सॉकेट सांभाळून पाहा, आणि ते समजल्यावर पायथनच्या ‘एसिंकआयओ’कडे जा. सरळ शेवटच्यावर उडी मारलीत तर कोड चालेल, पण अडकल्यावर कुठे पाहायचं ते कळणार नाही.

परवानगी आणि सुरक्षितता

सराव स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या नेटवर्कवर करा. कॉलेजच्या लॅबमध्ये आधी शिक्षकांची आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. सॉकेट यायला लागलं की कुणाचे कोणते पोर्ट उघडे आहेत ते पाहणारा स्कॅनर लिहायचा मोह होतो. लिहा, पण १२७.०.०.१ वर चालवा. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं किंवा त्यात अडथळा आणणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येतं आणि त्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ४३ तुमचंही रक्षण करतं. तुमच्या यंत्रात कुणी असं शिरलं तर पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा निर्णय अधिकारी असलेल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो.

कोडमध्ये तीन गोष्टी टाळा:

- प्रात्यक्षिकातला ‘सॉकेटवरचा कॅल्क्युलेटर’ लिहिताना आलेली ओळ ‘इव्हॅल’ला देऊ नका. बेरीज तर होते, पण जोडणारा माणूस तुमच्या यंत्रावर हवा तो कोड चालवू शकतो. आकडे आणि चिन्ह वेगळे करून स्वतः हिशोब करा.
- नेटवर्कवरून आलेला डेटा ‘पिकल’ने उघडू नका, धोका तोच. जेसन वापरा.
- साध्या सॉकेटवरून पासवर्ड पाठवू नका. मजकूर उघडा जातो. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क चालू करून लूपबॅक (१२७.०.०.१ वरची वाहतूक) पकडा आणि तुमचाच चॅट वाचा, पटेल. खरा वापर करायचा तेव्हा पायथनच्या ‘एसएसएल’ मॉड्यूलने टीएलएस लावा.

पुढे काय?

ब्रायन हॉल यांचं ‘बीज’ नावाने ओळखलं जाणारं नेटवर्क प्रोग्रॅमिंगचं मार्गदर्शक मोफत मिळतं. सी शिकायचं ठरवलंत तर ते आधी वाचा. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांचं युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक जाडजूड आहे. ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, अडाल तेव्हा ते प्रकरण उघडा.

वाचनापेक्षा एक सराव जास्त शिकवेल. तुमचा टीसीपी सर्व्हर चालू करा आणि नेटकॅटऐवजी ब्राउझरमधून त्याच्या पोर्टवर जा. ब्राउझर जे पाठवतो ते जसंच्या तसं छापा. मग उलट करा: पायथनसोबत येणारा छोटा वेब सर्व्हर ८००० पोर्टवर लावा, तुमच्या क्लायंटने त्याला तशाच ओळी पाठवा आणि आलेलं उत्तर वाचा. शीर्षाच्या ओळी एका रिकाम्या ओळीने संपतात. त्या ओळींत ‘कंटेंट-लेंग्थ’ असते, आणि ती पानाचे पुढचे किती बाइट मोजून घ्यायचे ते सांगते. एका मराठी फाइलवर हे करून पाहा आणि तो आकडा अक्षरांशी जुळतो की बाइटशी, ते मोजा.